दुपारी दोनची वेळ

"बेटा, इसको बाहर निकालो. बच्चे डर रहे हैं."

बाबांच्या साहेबांच्या मिसेस खुर्चीतून उठल्याही नाहीत. चंदीगडमधल्या आमच्या सरकारी कॉलनीचा स्विमिंग पूल. संध्याकाळचे पाच. माझी धाकटी बहीण चिनू कान पाण्याखाली ठेवून उताणी तरंगत होती आणि गुणगुणत होती. एकच लांबलचक सूर. चिनू ऑटिस्टिक आहे. बारा वर्षांची. पोहली की नीट जेवते, झोपते, मनगट चावत नाही.

बाकीच्या आया मुलांना बाहेर घेत होत्या. एक म्हणाली, "पता नहीं, पानी में क्या-क्या कर देती होगी." दुसरी हसली.

मी म्हणाले, "सॉरी, मॅम."

आपोआप आलं तोंडून. मॅम आल्या की आमची आई उभी राहते. मॅम हसल्या की हसते. बाबांचं प्रमोशन साहेबांच्या हातात. मी चिनूला ओढून काढलं, डोक्यावरून टॉवेल टाकला, भिंतीशी उभं केलं. तिचं तोंड कुणाला दिसू नये म्हणून.

घरी आईनं विचारलं, "सॉरी म्हणालीस ना? बरं झालं."

मॅमनी मग मोठ्या मनानं वेगळी वेळ दिली. दुपारी दोन. तेव्हा कुणी नसतं. जूनमधल्या इथल्या उन्हात कोण असणार? फरशीनं चिनूचे तळवे भाजायचे. मी स्वतःला समजवायचे, पोहते तर आहे.

एके दुपारी दोन मुली लवकर आल्या. काही बोलल्या नाहीत. चिनूनं त्यांना पाहिलं. गुणगुण थांबली. ती आपणहून बाहेर आली, टॉवेल डोक्यावरून घेतला आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

बुटाची नाडी बांधायला शिकायला तिला वर्षं लागली. हे एकदाच पाहून शिकली. माझ्याकडून.

तोवर मला चौघांत चिनूची लाज वाटायची. त्या दुपारी माझीच वाटली.

दुसऱ्या दिवशी तिला पाच वाजता नेलं.

"दो बजे का बोला था ना?" मॅम म्हणाल्या.

"वो पाँच बजे ही आएगी, मॅम."

"पापा किसके अंडर हैं, पता है?"

"पता है."

चिनूचा हात धरून मी पाण्यात उतरले. आयांनी मुलं बाहेर काढली.

आई माझ्याशी बोलत नाही. बाबा म्हणतात, आपली बदली होईपर्यंत तरी गप्प बस. नाही बसणार. ज्यांना बाहेर पडायचंय त्यांनी पडावं. चिनूला मी पाण्यातून पुन्हा काढणार नाही.