काका गाडीच्या मागे उभे होते

स्वतःची साधी सायकलसुद्धा नसताना जगातल्या यच्चयावत गाड्यांचं पालकत्व घेतलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतले चौथ्या मजल्यावरचे काका. एका कारखान्याची स्टाफ बस त्यांनी तीस वर्षं चालवली. पुढे नजर अधू झाली आणि लायसन्स कपाटात गेलं, पण त्यांचा डावा हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. बसायची वेळ आली की तो आपोआप खाली जायचा आणि हँडब्रेक ओढल्यासारखा वर यायचा. मग ते रिक्षात असोत, न्हाव्याच्या खुर्चीत असोत की लग्नाच्या पंगतीत. आमच्या सोफ्यावर त्यांनी तो पहिल्यांदा ओढला तेव्हा माझी आई म्हणाली, "बसा हो निवांत, सोफा कुठे जात नाही."

सोसायटीत नवी गाडी आली की लोक पेढे मागायचे, काका गाडीची पुस्तिका मागायचे. घरी नेऊन तिला खाकी कव्हर घालायचे आणि नाकाला टेकवून, पेन्सिलीने खुणा करत आठ दिवस वाचायचे. "मोबाइल घेतला की चार दिवस त्यात डोकं घालता, आणि या एवढ्या गाडीचं पुस्तक प्लॅस्टिकमध्येच!" असं मालकाला सुनावून मगच परत द्यायचे. सकाळच्या फेरीत पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीचा मागचा कॅमेरा ते स्वतःच्या रुमालाने पुसत. गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याबाहेर गेली की स्टिअरिंग थरथरवणाऱ्या यंत्राबद्दल मात्र त्यांना मनापासून कणव होती. "घोडबंदर रोडला ते बंद ठेवत जा रे, पट्टे शोधून शोधून वेडं होईल बिचारं!"

आमच्या गाडीच्या पूजेला चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. सासूबाईंना माझा फोटो हवा होता म्हणून मी दार उघडं ठेवूनच बसले आणि ॲक्सिलरेटर दाबते तर गाडी जागची हलेना. हँडब्रेकचा दांडा शोधला, तर तिथे नुसतं एक बटण. भटजी घड्याळ बघायला लागले, शेजारी म्हणाले बिघडलेला पीस गळ्यात मारला, आणि सासूबाईंनी लिंबांकडे संशयाने पाहिलं. तेवढ्यात काका पुस्तिकेत बोट घालून जिना उतरले. "लिंबांचं काही चुकलेलं नाही. दार लाव, पट्टा बांध. तू नीट बसल्याशिवाय ब्रेक सुटायचा नाही." मी दार लावलं, पट्टा बांधला आणि चारही लिंबं फटाफट चिरडली.

माझी खरी धास्ती मात्र चढाची होती. आई गावाहून माझ्याकडे आली होती ती डोळ्याच्या इंजेक्शनांसाठी. दर महिन्याला ठाण्याला न्यायचं होतं आणि खंड पडला तर उरलेली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा परगावी. आणि मी ठाकुर्लीच्या पुलावर एकदा गाडी मागे घरंगळून रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्यापासून चावीला हात लावत नव्हते. काकांना हे कळलं आणि त्यांनी मला पार्किंगच्या उतारावर गाडी उभी करायला लावली. ऑटो होल्डचं, म्हणजे पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारं बटण दाबवून घेतलं आणि स्वतः जाऊन गाडीच्या बरोब्बर मागे उभे राहिले.

"काका, बाजूला व्हा ना!"

"पुस्तक दोनदा वाचलंय मी. हिरवा दिवा लागला का? मग काढ पाय."

मी देवाचं नाव घेऊन पाय काढला. गाडी तसूभरही हलली नाही. आरशात काका ताठ उभे दिसत होते, फक्त त्यांचा डावा हात मूठ वळून वर ओढलेला होता. मला हसू आलं आणि रडूही आलं. पुढे येऊन त्यांनी बजावलं, "होल्ड म्हणजे नुसता थांबा, मुक्काम नाही. उतरायचं असेल तर ब्रेकचं बटण ओढायचं, घर्र आवाज ऐकायचा, मगच दार उघडायचं. आणि माझ्यासारखं मागे कुणाला उभं करायचं नाही. हा गाढवपणा एकदाच."

त्यानंतर आईचं एकही इंजेक्शन चुकलं नाही. आज ती पेपरातले मथळे स्वतः वाचते आणि नसलेल्या चुका काढते. त्या नजरेत डॉक्टरांइतकाच काकांचाही वाटा आहे, असं मी मानते. त्यांना हे सांगितलं की ते विषय बदलून टायरमधल्या हवेची चौकशी करतात.

गेल्या वर्षी ते मुलीकडे टिटवाळ्याला राहायला गेले. पार्किंगमधले कॅमेरे आता धुळकट असतात. त्यांचा फोन येतो, तेव्हा आईची तब्येत दुसऱ्या क्रमांकावर असते. पहिला प्रश्न, "उतरताना बटण ओढतेस ना?"

परवा पुलाच्या चढावर गर्दीत थांबले, होल्डचा हिरवा दिवा पाहून पाय काढला आणि सवयीने आरशात बघितलं. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "काय गं, हात आखडला का?" मागच्या सीटवरून आईने विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझा डावा हात मूठ वळून वर आला होता.