डाव्या हाताची गाठ

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मुलांचं पथक निघून दोन वर्षं झाली. स्काऊटसारखंच असतं, गळ्यात रुमाल, हातात दोरी, आणि वर प्रार्थना आणि शास्त्रातली वचनं. शनिवारी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात मुलं कवायत करायची आणि मुली पायरीवर बसून बघायच्या. माझी मुलगीही त्यांतच. पाळकसाहेब म्हणाले, मुलींचंही पथक काढू, पण त्याला बाई लीडर पाहिजे आणि ती शिकून आलेली पाहिजे. यवतमाळला आठ दिवसांचं शिबिर होतं. परदेशातल्या एका मंडळीतून पाच जण आपापल्या सुट्ट्या काढून शिकवायला येणार होते. आमच्या गावातून एकही बाई तयार होईना. कोणाचा कापूस वेचायचा राहिला होता, कोणाचं लेकरू लहान होतं. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. पण मुलगी इतकी मागे लागली की शेवटी मीच घाटंजीहून एसटीत बसले.

मी डावरी आहे, हे इथेच लिहून टाकते. शाळेत गुरुजींनी छडी मारून पेन्सिल उजव्या हातात दिली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात भाजी वाढताना सासूबाईंनी माझ्या डाव्या हातातली पळी हळूच काढून उजव्यात ठेवली. रागावल्या नाहीत. "पाहुण्यायसमोर नको वो माय, लोक मले नाव ठेवतीन," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून लोकांसमोर माझा डावा हात पदराखालीच असतो. कापूस वेचताना दोन्ही हात चालतात, तिथे कोणी बघत नाही.

आम्हाला शिकवायला साठीच्या एक मॅडम होत्या. आपल्या देशात त्या शाळेची बस चालवायच्या. आमच्या उन्हानं दोन दिवसांत त्यांच्या नाकाची साल निघाली. आमच्या मंडळीतला 'सलाम' हा एक शब्द त्या शिकल्या होत्या आणि तो सगळ्यांना म्हणायच्या, आवारातल्या कुत्र्यालाही. त्यांचं बोलणं मराठीत सांगायला यवतमाळच्या एका पाळकांची सून होती, तिला आम्ही ताई म्हणायचो.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं की पथकात हात मिळवताना एकमेकांना डावा हात द्यायचा असतो. सगळे एकमेकांकडे बघून हसले, लाजत लाजत डावा हात पुढे करू लागले. माझी पाळी आली आणि मी उजवा दिला. जन्मभर आवरून ठेवलेला हात असा वेळेवर कुठला निघतो! मॅडम आपला डावा हात तसाच धरून उभ्या राहिल्या. ताई म्हणाली, "अवो, डावा द्या, इथं माफ आहे." मग तर सगळेच हसले.

त्यानंतर गाठी सुरू झाल्या. एक गाठ अशी होती की वासराच्या गळ्यात बांधली तरी फास आवळत नाही. मी ती उजव्या हातानं बांधायला जायची आणि ओढली की ती सुटायची. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं ही गाठ तिथल्या मंडळीतल्या दहा लेकरांना शिकवायची होती. ती जमली तर रुमाल, आणि रुमाल नाही तर गावात पथक नाही. संध्याकाळी मुलीचा फोन आला. शिकली काय वो आई, तिनं विचारलं. शिकून राह्यली, मी म्हटलं.

चौथ्या दिवशी मॅडमनी ताईकरवी विचारलं, भाजी कोणत्या हातानं चिरता? मी उजव्या म्हणून सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्या मला कडुनिंबाच्या ओट्यावर घेऊन गेल्या आणि समोर बसून एक शब्दही न बोलता सावकाश गाठ बांधू लागल्या. मी त्यांच्या हातांकडेच बघत होते. दोरी माझ्या डाव्या हातात कधी गेली ते कळलं नाही. गाठ बसली. सोडून परत बांधली, तरी बसली. मॅडम हसल्या आणि ताईला हाक मारून बराच वेळ काही सांगत राहिल्या.

"त्या म्हणतात, तुमचं आरशातल्यासारखं होऊन राह्यलं," ताई म्हणाली. "बाकीच्यायले समोरून उलटं दिसते, म्हणून त्यायच्या मागं उभं राहा लागते. तुम्ही लेकरायसमोर बसल्या तं त्यायले नुसतं पाहून करता येईन."

"पण लोक पाह्यतीन," मी म्हटलं.

ताईनं ते सांगितलं. मॅडमचं उत्तर आलं की त्याही बघणारच आहेत.

शेवटच्या दिवशी माझ्याआधी आमच्याबरोबर शिकायला आलेल्या दारव्ह्याकडच्या एका काकांची पाळी होती. मोठा आवाज, मोठी माया. त्यांनी लेकरांना समोर बसवलं, पण लेकरांच्या दोऱ्या उलट्याच पडत गेल्या. काका उठून एकेकाच्या मागे वाकत घामाघूम झाले, तरी चौघांना जमलं नाही. मग मी बसले. दोरी डाव्या हातात घेतली तसे काका बाजूनं म्हणाले, "मंग देवळात प्रभुभोजनाची भाकर बी डाव्याच हातानं घ्याले शिकवसान काय बाई?"

सगळे हसले. दोरी आपोआप उजव्या हातात गेली. मी मॅडमकडे बघितलं, तर त्या चष्मा पुसत होत्या. समोर माझ्या मुलीएवढी एक मुलगी दोरी धरून वाट बघत होती. उजव्यानं बांधली तर सुटणार हे मला ठाऊक होतं. मी दोरी परत डाव्या हातात घेतली आणि "पाहा" एवढंच म्हटलं.

लेकरं बघून बघून करत गेली. प्रत्येकानं आपापल्या उजव्या हातानंच केलं. नऊ जणांची गाठ पहिल्यांदाच बसली, दहाव्याची दुसऱ्यांदा. काकांनी एकाचा फास स्वतःच्या मनगटात घालून ओढून पाहिला. आवळला नाही. मग ते आपली दोरी घेऊन लेकरांच्या ओळीत शेवटी येऊन बसले.

"आता मले बी दाखवा," ते म्हणाले, "पण हळू."

मॅडमनी माझ्या गळ्यात रुमाल बांधला. शेऱ्याच्या कागदावर मात्र लिहिलं की हिचा आवाज ऐकू येत नाही, तेवढं सुधारावं. खरंच होतं ते.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, हाताचंही. त्यांनी निवडत असलेल्या तांदळातला खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "गाठीले चालीन डावा. वाढतानी मात्र उजवाच." आणि थोड्या वेळानं, "शनवारच्या भाकरी मी टाकतो, तू जाय."

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला उभं केलं. शनिवारी चार वाजता, मी म्हटलं. आवाज दुसऱ्या ओळीपर्यंत गेला असेल नसेल, पुढच्या मुलींनीच तो मागे पोचवला. शनिवारी पंधरा मुली आल्या, त्यांतल्या दोघी शेजारच्या बौद्ध घरांतल्या. दोऱ्या दहाच होत्या. उरलेल्यांनी ओढणीला गाठ मारली.