पाठीवरचा बावीस

मर्व्ह हॅनिगन म्हणजे मेलबर्नचा निवृत्त ट्रामचालक आणि आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचा जुना भक्त. या फुटबॉलमध्ये चेंडू हातातही धरता येतो, गोल मात्र पायानेच मारायचा. आमच्यात प्रत्येकाने एक खेळाडू आपला मानायचा, त्याचा नंबर कोटाच्या पाठीवर शिवायचा आणि तो खेळाडू निवृत्त होईपर्यंत उसवायचा नाही. मर्व्हच्या पाठीवर बावीस, शेजारी बसणाऱ्या ग्लेनिसच्या पाठीवर नऊ.

यंदा नऊ नंबर धडाधड गोल मारत होता. लोक येऊन ग्लेनिसचं अभिनंदन करत, जणू हिनेच त्याला जन्म दिलाय! मर्व्हचा नुसता जळफळाट.

"तुझा बावीस काय करतो रे?" मी मुद्दाम विचारायचो.

"नऊला चेंडू कोण आणून देतं? तुझी आजी?"

शनिवारी शेवटच्या मिनिटाला आम्ही तीन गुणांनी मागे होतो; एका गोलचे सहा गुण. चेंडू बावीसच्या हातात आला, समोर गोल मोकळा. त्याने तो अलगद नऊला दिला आणि नऊने गोल मारला. अख्खं स्टँड नाचायला लागलं. मर्व्ह एकटाच ओरडत होता, "गाढवा, तुला पाय नव्हते का?"

ग्लेनिसने डोळे पुसत त्याचा दंड धरला. "अरे, जिंकलो आपण!"

"तू जिंकलीस," मर्व्ह तिचा हात झटकत म्हणाला.