माहेरचा रकाना

आमच्या सिस्टरबाईंइतकं मन लावून रागावणारं माणूस लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत नाही, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगायला तयार आहे. परदेशी मदतीवर चालणाऱ्या आमच्या बाळंतपण प्रकल्पाच्या चाकूर कार्यालयात त्या प्रमुख आणि मी दुभाषा. म्हणजे त्यांनी मराठीत झाडायचं आणि मी ते धुऊन-पुसून इंग्रजीत साहेबलोकांपुढे ठेवायचं. राग अनावर झाला की त्या समोरचा भरला चहा खिडकीबाहेर ओतून कप बशीत पालथा घालत. खिडकीखालच्या कढीपत्त्याला त्या वर्षी भलताच बहर आला होता.

बाई दिसली की नाव नंतर, आधी "माहेर कुठलं गं?" गरोदर बाईला विचारणं समजू शकतो; पण त्या बँकेतल्या मॅडमला विचारत, ऑटोत शेजारी बसलेलीला विचारत, आणि एकदा तर आमची गाडी अडवणाऱ्या महिला पोलिसालाही विचारलं. ती बिचारी पावतीपुस्तक मिटून निलंग्याच्या आठवणी सांगत बसली. गरोदर बायांची उत्तरं एका जाड वहीत जात. मी त्या वहीला हसायचो.

मग मुख्य कार्यालयानं साता समुद्रापलीकडून कळवलं, की चाकूरकडच्या बाया सातव्या महिन्यानंतर यादीतून गळतात, सबब इथली गाडी आणि नर्स बंद करावी. त्यांच्या संगणकात अशा प्रत्येक बाईपुढे एकच शेरा होता: "सोडून गेली." पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण फॉर्म करणाऱ्या शहाण्यांनी पत्ता विचारला तो फक्त नवऱ्याच्या घरचा. आणि वर दोष बायांचा. आजही आठवलं की माझं डोकं सणकतं.

तपासणीला आलेला साहेब सभ्य होता, सगळ्याला मान डोलवायचा, तेच सिस्टरबाईंना जास्त झोंबलं.

"साहेब, तुमचा जन्म आजोळचा का?"

साहेब म्हणाला, दवाखान्यातला.

"मंग तुमाला काय कळनार?" आणि माझ्याकडं वळून, "हे हाय तसंच सांग. लई मऊ करायलास तू."

मी पहिल्यांदाच जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबाला जीपमध्ये कोंबलं आणि मांडीवर वही घेऊन थेट धर्माबाद गाठलं. "सोडून गेलेली" एक बाई तिथं आईच्या अंगणात लेकराला कोवळं ऊन देत बसली होती.

"कुठं सोडून गेले, सिस्टर? सवा महिना झाला की येतेच की माघारी."

सिस्टरबाईंनी ते लेकरू उचलून साहेबाच्या हातात दिलं. साहेबानं ते अवघडून छातीशी धरलं आणि वही बघायला मागितली.

गाडी राहिली, नर्स राहिली. नव्या फॉर्मात माहेरचा रकानाही आला. पण त्याच टपालात दुसरा नियम आला: कार्यालय प्रमुखाला इंग्रजीत अहवाल लिहिता आला पाहिजे. ज्या वहीनं प्रकल्प वाचवला, ती मराठीत होती ना. ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं आणि ते काही केल्या मऊ करता येईना. मला वाटलं, आता कप पालथा पडणार. त्यांनी चहा शेवटपर्यंत प्यायला, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि देगलूरला म्हाताऱ्या आईपाशी निघून गेल्या.

परवा कर्मचाऱ्यांची यादी छापून आली. त्यांच्या नावापुढे शेरा होता, "सोडून गेल्या." या यादीत माहेरचा रकाना नाही. मी तो शेरा खोडला आणि वर पेनानं लिहिलं: माहेरी गेल्या आहेत.