दोन उपासनांच्या मध्ये

आमचे पाळकसाहेब हात हातात घेतला की सोडायचेच नाहीत. उपासना सुटली की चर्चच्या दारात उभे. "कसं काय?" आपण म्हणायचं, "बरं आहे." मग मान तिरकी करून विचारणार, "बरं म्हंजी कसं?" मागे रांग खोळंबलेली, पोरं रडतायत, आणि साहेब कुणाच्या तरी सासूच्या गुडघ्याची कहाणी ऐकतायत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. वैताग येतो आणि बरंही वाटतं.

आमच्या दौंडात कारखान्यांमुळे माणसं वाढली. मंडळी चर्चमध्ये मावेना, तेव्हा रविवारी दोन उपासना सुरू झाल्या. दुसरीला उशीर नको म्हणून कमिटीनं दारातली रांगच बंद केली. साहेब व्यासपीठावरूनच हात हलवू लागले. मी माईक सांभाळायचो. मला ते बघवायचं नाही.

रेल्वे क्वार्टर्सच्या मागे एक मावशी एकटी राहायची. ती दिसेनाशी झाली. पहिल्या उपासनेतल्यांना वाटलं, दुसरीला येत असेल. दुसरीतल्यांना वाटलं, पहिलीला. एवढ्या गर्दीत साहेबांचाही तोच घोळ झाला. मावशी खुबा मोडून घरात पडली होती. शेवटी तिला जेवण देणाऱ्या शेजारणीनंच चर्चमध्ये येऊन सांगितलं.

साहेब तसेच माझ्या गाडीवर बसून निघाले. त्यांना बघून मावशीनं भिंतीकडे तोंड केलं. "आपलं चर्च लई मोठं झालं," एवढंच बोलली.

त्यानंतर साहेब दर आठवड्याला जायचे. मावशी काठी घेऊन चालायला लागली, तरी बोलेना. आल्यागेल्याला चहा पाजणारं ते घर, पण साहेबांना कधी पाणीसुद्धा विचारलं नाही. ते प्रार्थना करून उठायचे. मला मावशीचा राग यायचा, आणि साहेबांसाठी जीव तुटायचा.

मग त्यांची शिरूरला बदली झाली. तिला सांगायला गेलो. मावशी काठी टेकत उठली, गॅस पेटवला. कपबशी पुढं ठेवून म्हणाली, "घ्या. आन् नवीन पाळक येत्याल, त्यास्नी माझं घर दावा, मग जावा." साहेबांनी बशीत ओतून सगळा चहा संपवला.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो तसाच उभा ठेवून साहेब नव्या पाळकांना तिच्याकडे घेऊन गेले. मीही सोबत होतो. मावशीनं त्या तरुण माणसाला नीट न्याहाळलं आणि खुर्ची पुढं सरकवली.

"बसा. मी पहिल्या उपासनेला असते. न्हाई दिसले, तर घरी हाय असं समजा."