डोकं तिचं, पोट माझं

लग्न होऊन रोहिणखेडहून अमडापूरला आले, त्या पहिल्याच सकाळी मला वाटलं, या घरात कुणीतरी गेलंय. एवढं भरलं घर, पण चिडीचूप. सासऱ्यांची हाक एरवी शेतापर्यंत पोचायची, ते जोडे हातात धरून आत येत होते. सासूबाई माझ्या कानाशी एवढंच कुजबुजल्या, "थोरलीले... अर्धशिशी." थोरली म्हणजे माझी जाऊ.

तेव्हा आमचं सरकार मुंबईत नव्हे, नागपुरात बसायचं, आणि चिखलीच्या दवाखान्यातून औषध आणायचं तर शिशी आपली न्यावी लागे. अर्धशिशी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, अर्धी शिशी मागताहेत. गोडेतेलाची अर्धी भरलेली शिशी शोधून मी सासूबाईंपुढे धरली. साऱ्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. मोठ्यानं हसल्या असत्या तर मीही हसले असते. आवाज न करता हसलेलं फार लागतं.

तेव्हापासून मनात अढी बसली. दुखायचं थोरलीचं डोकं, आणि पोटात दुखायचं माझ्या. तिचं डोकं धरलं की बांगड्या कोपरापर्यंत सारायच्या, जातं बंद, भांडी घासायची ती परसात. उजाडायच्या आत तिला दुधात भिजवलेली जिलबी, कारण अर्धशिशीवर तोच उतारा. आम्हाला शिळी भाकर. सासूबाई तिच्या उंबऱ्यात बसून दिवसभर "शूऽऽ" करायच्या. कुणी शिंकलं तरी शूऽऽ. मला ताप आला तेव्हा याच सासूबाई माझ्या उशाशी मिरच्या कुटत होत्या.

एका वर्षी माझ्या वडिलांनी माझ्या गादीसाठी कापूस धाडला. पिंजारी चाचांनी अंगणात पिंजणाची तात ताणली, एकदाच टणकन वाजवली, तोच सासूबाई धावल्या. "थांब बाप्पा, थोरलीचं डोकं धरलं हाये." चाचा मुकाट्यानं सगळं उचलून वेशीजवळच्या निंबाखाली गेले. निम्मा कापूस वाऱ्यानं नेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरळ थोरलीच्या खोलीत शिरले.

"बाई, असं काय दुखते हो तुमचं?"

डोळ्यांवर ओला फडका घेऊन ती पडली होती. "दुखते ते दुखतेच. पन कानाले दार राहत नाही व. भांडं, कावळा, तू, समदे सारख्याच जोरानं आत येता. तू बोलून राह्यली हे समजते. काय बोलून राह्यली ते समजत नाही."

मला वाटलं, नाटक आहे. पण त्या नाटकात काम मिळालं असतं तर मी आनंदानं केलं असतं. एकदा तरी हे घर माझ्यासाठी गप्प व्हावं, बाकी काही नको होतं मला.

दुसऱ्या बाळंतपणानंतर ते झालं. आधी कानात गुंई भरली, मग उजवं कानशील ठणकू लागलं. थोरला मुलगा समोर उभा राहून काहीतरी मागत होता. त्याचा आवाज खिळ्यासारखा आत शिरत होता, पण शब्द एकही लागेना. भाकर मागतो की पाणी, कळेना. स्वतःच्या लेकराचं बोलणं कळत नाही म्हणून मी घाबरून रडले. लगेच घर गप्प झालं. जोडे हातात आले, बांगड्या वर गेल्या. सासूबाई माझ्या उंबऱ्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "शूऽऽ."

पोरांचा गोंगाट परवडला, असं झालं. प्रत्येक शूऽऽ डोक्यातून आरपार जात होती. शेवटी मी ओरडले, "आत्याबाई, तुमचं ते शू-शू आंधी बंद करा!"

सासूबाई उठल्या आणि निघून गेल्या. मग थोरली येऊन माझ्या कपाळावर फडका ठेवून गेली. उतार पडल्यावर मी तिला विचारलं, "बाई, तुमालेबी त्याइची शू लागे?"

"हाव. साऱ्यात जास्त तेच लागे."

"मंग इतके वर्स बोलल्या काऊन नाही?"

"जीव लावून बसत व त्या माह्यासाठी. कसं सांगू?"

पुढे तिचं डोकं धरलं की सासूबाई तिच्या उंबऱ्यात जाऊन बसत. माझ्या उंबऱ्यात त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत. कधी दोघींचं डोकं एकाच दिवशी धरायचं. भिंतीपलीकडची ती शूऽऽ माझ्या कानात सुईसारखी टोचायची, आणि ती माझ्यासाठी नाही म्हणून माझा जळफळाट व्हायचा.