राघोचा टाक आणि केसरीनाथचा हो

केसरीनाथला कुणालाच "नाही" म्हणता येत नाही, हे अख्ख्या टेमघरला ठाऊक आहे, आणि त्याचा फायदा न घेतलेलं एकही घर आमच्या आळीत नाही. माझं धरून. माझी शिडी त्याच्या पडवीत दोन दिवसांसाठी ठेवली होती, तिला आता सहावं वर्ष लागलंय.

दोष सगळा त्याचाच आहे असंही नाही. भिवंडीत, कामतघरच्या एका कारखान्यात तो चाळीस वर्षं जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. त्या खडखडाटात समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. मग माणसं काय करतात, आधी मान हलवून "हो" म्हणतात आणि नंतर काय ते बघून घेतात. कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले, पण केसरीनाथची मान हलायची थांबली नाही. एकदा एकाच मुहूर्तावरच्या दोन लग्नांत त्याने नवरीचा मामा म्हणून उभं राहायचं कबूल केलं होतं. एक लग्न टेमघरला, दुसरं धामणकर नाक्यापलीकडे. पहिल्या मांडवात तीन मंगलाष्टकं होईस्तोवर थांबला आणि शेअर रिक्षात बसला. दुसऱ्या मांडवात पोचला तेव्हा लोक जेवत होते. त्या घरचे अजून त्याच्याशी बोलत नाहीत. पहिल्या घरचे बोलतात, पण काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर अशा माणसाला गेल्या पावसाळ्यानंतर मॉरिशसहून एका बाईचा निरोप आला. नाव मनाली. आमच्या गणपती मंडळाच्या फेसबुक पानावर तिने लिहिलं होतं, ते केसरीनाथच्या पुतण्याने, भाविकने, त्याला वाचून दाखवलं. बाईंचा खापरपणजा एकशे पासष्ट वर्षांपूर्वी ऊसमळ्यांवर मजूर म्हणून बोटीने तिकडे गेला होता. तिकडच्या दफ्तरात नोंद होती: राघो, बापाचं नाव अनंता, गाव टेमघर, वय वीस, उजव्या भुवईवर व्रण. या राघोचं कुणी आहे का गावात?

"आमचाच राघो तो!" केसरीनाथ म्हणाला. "कळव तिला, हो म्हणून. आणि येशील तवा जेवायलाच ये, असा पन लिही."

ती खरंच आली. चाळिशीची, पायात बूट, पाठीवर पिशवी, आणि मराठी अशी की आमचे शाळामास्तर लाजले असते. "आपण माझे काका लागता," असं म्हणून ती केसरीनाथच्या पाया पडली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. माझेही भरले असते, पण मी बोंबलाचं कालवण खात होतो.

जेवण झाल्यावर तिने तिची अडचण सांगितली. राघोने तिकडे एका बाईशी लग्न केलं, आपल्या रीतीने, चार माणसांत. तिकडचं सरकार असलं लग्न धरत नव्हतं, त्यामुळे कागद झाला नाही. कागद नाही म्हणून मुलाच्या जन्माच्या नोंदीत बापाचा रकाना कोरा. तेव्हापासून पाच पिढ्या त्या घराण्याची सुरुवात एका कोऱ्या रकान्याने होते.

"आणि एक गोष्ट मला कधी समजली नाही," ती म्हणाली. "बरोबर आलेल्या माणसांनी दोन-चार वर्षांत घरं मांडली. हा अकरा वर्षं एकटा राहिला. अकरा वर्षं! का, ते कुणालाच माहीत नाही."

मग तिने पिशवीतून एक प्लास्टिकची नळी काढली. हिच्यात थुंकायचं. बापाकडून मुलाकडे जाणारी रक्तातली खूण थुंकीत सापडते. तिच्या वडिलांची तपासणी झालेली होती, आता इथल्या घरातला एक पुरुष हवा होता. खूण जुळली की राघो त्यांचा हे सिद्ध.

"काका, द्याल?"

"हो तर!" केसरीनाथ म्हणाला. "थुंकायचाच हाय ना? जल्मभर तेच केलाय."

हे अगदी खरं. तंबाखू-चुन्याच्या जोरावर त्याने कामतघर ते टेमघर रस्त्याचा एकही खांब सोडलेला नाही. पण तपासणीआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नव्हतं, म्हणून नळी त्याच्याकडे ठेवून ती धामणकर नाक्याजवळच्या लॉजवर गेली. सकाळी येते म्हणाली.

ती उंबऱ्याबाहेर पडली आणि ताई आतल्या खोलीतून बाहेर आल्या.

ताई म्हणजे केसरीनाथची थोरली बहीण. वय ऐंशी, लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या, आणि तेव्हापासून घराची चावी त्यांच्या कमरेला. केसरीनाथची बायको गेल्यावर त्याच्या मुलीला, मृणालीला, त्यांनीच वाढवलं, गेल्या वर्षी तिचं लग्न त्यांनीच लावून दिलं. ताईंना "नाही" म्हणता येतं. किंबहुना भावाच्या वाटणीचंही त्याच म्हणतात.

"थुंकशील तं बघ," ताई म्हणाल्या. "राघो दर्यात बुडला. त्याचा टाक हाय देवात. बुडलेला मानूस तिकरं संसार कसा करील?"

हा टाक आम्ही शेजाऱ्यांनीही पाहिलेला आहे. तळहाताहून लहान चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली माणसाची आकृती, मेलेल्या पुरुषाची आठवण म्हणून देव्हाऱ्यात ठेवलेली. गोष्ट अशी सांगतात, की राघोची बोट बुडाल्याची खबर आली. गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. मग त्याची तरणी बायको आवडी, तिचा धाकट्या दिराशी, नामाशी, पाट लावला, म्हणजे पुनर्विवाह. त्या नामाचा वंश म्हणजे हे सगळे. पहिला नवरा रुसू नये म्हणून घरातल्या प्रत्येक लग्नात पहिली हळद राघोच्या टाकाला. मृणालीच्या लग्नातही लावली. मीच वाटी धरली होती.

"तो जिता असंल तं आवडीआयचा पाट कसला झाला?" ताई म्हणाल्या. "नवरा जिता, आनि बाई दुसऱ्याच्या घरी! मंग आपुन कोन? सांग ना, आपुन कोन?"

केसरीनाथने मान हलवली. "हो ताई. न्हाय थुंकत."

झालं. एकीला थुंकतो म्हणाला, दुसरीला थुंकत नाही म्हणाला, दोन्ही एका उंबऱ्याच्या अंतराने.

पुढचे पाच दिवस त्या माणसाचे जे हाल झाले ते बघून मलासुद्धा हसवेना, म्हणजे फार वेळ हसवेना. मनाली सकाळी यायची, तिला काहीतरी सबब सांगून हा मागच्या दाराने माझ्याकडे. पहिल्या दिवशी सांगितलं, अंगात कणकण आहे. दुसऱ्या दिवशी, चुकून तंबाखू खाल्ली. तिसऱ्या दिवशी, एकादशी आहे.

"एकादशीला थुंकत नाहीत?" तिने भोळेपणाने विचारलं.

"आमच्यात न्हाय," हा म्हणाला. त्या पोरीने ते वहीत लिहून घेतलं!

घरात राहिला तर ताईंची नजर खिशावर. बाहेर पडला तर भाविक गाठायचा. "काका, उद्या तिने सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावा म्हटलं तर? वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका." नाक्यावर जायची सोय नाही, तिथे तिचं लॉज. कामतघरला जायचं म्हटलं तर रिक्षा नाक्यावरूनच जाते. शेवटी उरली माझी न्हाणीघरामागची बोळ, रुंदी साडेतीन फूट. तिथे स्टुलावर बसून असायचा, नळी रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात. तपासणीच्या धास्तीने तंबाखू सोडलेली, त्यामुळे तोंड वाळून चामडं झालेलं.

"नरेंदर," एकदा मला म्हणाला, "लूम बिगडला तं मना कळतं कुटला पार्ट गेलाय. हितं सगला चालू हाय आनि कापडच फाटतंय."

सहाव्या दिवशी मनालीचा फोन आला. उद्या दुपारचं विमान आहे, सकाळी नळी न्यायला येते. हा "हो हो" म्हणाला आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी ती नजर ओळखतो. त्या मामाच्या भानगडीत रिक्षात बसतानाही अशीच होती.

"तू थुंक," तो म्हणाला.

"काय?"

"तू थुंक हिच्यात. ती नली घेऊन जाईल, खुश. खून जुलनार न्हाय, ताई खुश. भाविक पन खुश. माजा शब्द पन राहिला."

मला कबूल केलं पाहिजे, की युक्तीचा मला मोह पडला. केसरीनाथच्या जागी आमच्या घराण्याची थुंकी मॉरिशसला जाणार, हे माझ्या बायकोला, वनिताला, सांगायची मी वाक्यंसुद्धा जुळवली. म्हटलं, "दे." झाकण काढलं, नळी ओठाला लावली.

"ठेव ती खाली."

बोळीच्या तोंडाशी ताई उभ्या होत्या. त्यांना साडेतीन फुटांत नीट उभंही राहता येत नव्हतं, एक हात माझ्या भिंतीला, एक स्वतःच्या.

मला वाटलं, आता भाऊ आणि शेजारी दोघांची आरती होणार. पण ताई पालथ्या बादलीवर बसल्या.

"पयल्यांदा पन असाच केलता," त्या म्हणाल्या. "एकाच्या जागी दुसरा. गवताचा मानूस जालला."

"तवा खबरच तशी आलती ना ताई," केसरीनाथ म्हणाला. "बोट बुडली म्हनून."

"ती खबर आलती. तिच्या मागून कागद पन आलता."

बोळीत नळ ठिबकत होता तो मी बंद केला.

"पाट लावून दोन वर्सा झालती," ताई सांगत होत्या. "तिकरून परत आलेल्या मानसाच्या हाती राघोनी कागद धाडला. मी खुशाल हाय, पाच वर्सांची बोली हाय, आवडीला सांगा वाट बघ. आनि उत्तर धाडा. सासऱ्यानी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला आनि चुलीत घातला. आवडीआय तितंच भाकऱ्या थापत होती, मांडीवर नामाचा पोर. चार दिसांनी सासऱ्यानी सोनाराकडून टाक आनला. कागदाच्या आधी टाक नव्हता, केसरी. कागदानंतर केला. कुनी परत विचारू नये म्हनून."

आवडीने ते सुनेला सांगितलं. त्या सुनेने तिच्या सुनेला, म्हणजे ताईंच्या आजीला. आजीने मरताना ताईंना. पुरुषांना सांगायचं नाही, अशी तुळशीची शपथ. साठ वर्षं ही बाई हळदीची वाटी कुणा ना कुणाच्या हातात देत होती आणि एका जित्या माणसाला मेलेला ठरवत होती.

"अकरा वर्सा," ताई म्हणाल्या. "त्या पोरीनी सांगितला तवा मी आत होती. तो उत्तराची वाट बघत होता रे."

मी नळी केसरीनाथच्या हातात दिली. त्याने तोंडाशी नेली, गाल हलवले, खाकरला, पण तोंडात टिपूस नाही. पुन्हा प्रयत्न केला. ज्या माणसाने भिवंडीचे खांब रंगवले त्याला चार थेंब सापडेनात.

ताई उठल्या, भिंती धरत घरात गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या परत आल्या त्या मुठीत काहीतरी घेऊन. मूठ त्याच्या नाकासमोर उघडली. जुन्या चिंचेचा काळाभोर गोळा, वर मिठाचे खडे.

"खायची न्हाय," ताई म्हणाल्या. "नुसती बघ."

नळी रेषेपर्यंत भरली. मी चिंचेकडे बघायला नको होतं, माझी एक नळी उगाच वाया गेली.

दुसऱ्या दिवशी मनाली ती घेऊन गेली. दीड महिन्याने कळवलं, खूण जुळली. तिकडे बापाचा रकाना भरायचा अर्ज केलाय. तिचे वडील फोनवर रडले, हा इकडे रडला. भाविकने वकिलाला विचारलं, त्याने हसून घालवलं. तुम्हाला वाटेल, सुटला बिचारा.

कसला सुटतोय! आता दर रविवारी सकाळी दहाला तिचा व्हिडिओ कॉल येतो. घराण्याचा इतिहास लिहायला घेतलाय तिने. राघोचं इथेही लग्न झालं होतं हे हा बोलून गेला, तर त्याचा काही कागद मिळेल का, असं तिने विचारलं, हा अर्थातच "हो, बघतो" म्हणाला, आणि आता आठवड्यातून दोनदा ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात जातो. धवलारणीने गाणी म्हणून लावलेलं ते लग्न, पुरोहित नाही, दफ्तर नाही. खिडकीतला माणूस विचारतो, साल कुठलं, आणि हा अठराशे सत्तावन्न सांगतो तेव्हा शेजारची रांग वळून बघते. तिकडच्या लग्नाला कागद नव्हता, इकडच्याला तरी कुठे होता? तेवढं तिला सांगून टाकायला पाहिजे. पण सांगायचं तर आवडीचा पाट निघणार, आणि मग सगळीच चूल उकरावी लागेल.

टाक देव्हाऱ्यात आहे. ताई रोज पुसतात, फूल वाहत नाहीत.

परवाच्या रविवारी मी शिडी मागायला गेलो होतो. फोन उशीला टेकवून ठेवलेला, समोर केसरीनाथ, बाजूला ताई शेंगा सोलत. मनाली वही उघडून बसली होती. इकडचं तिकडचं झालं. मग तिने विचारलं, "काका, राघोने घरी कधीच काही कळवलं नव्हतं का? एखादं पत्र? आपल्या घरात कुणी काही बोलत असे का?"

ताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. केसरीनाथची मान सवयीने हलायला लागली, ती मी पाहिली. मग त्याने ती दोन्ही हातांनी धरल्यासारखी थांबवली.

"न्हाय," तो म्हणाला.

ती वहीत लिहीत होती. तो पुन्हा म्हणाला, "न्हाय पोरी. काय न्हाय आला." आणि उठून, फोन तसाच चालू ठेवून, माझी शिडी आणायला पडवीत गेला.